न पाहिलेल्या बर्फाची चित्रं

सोमवारचं विमान होतं आणि शनिवारी बांधाबांध सोडून आम्ही चित्रं बघायला निघालो. यंदाचीच, २००९ची गोष्ट. मंदीत माझ्या नवऱ्याची, श्रीकांतची, आखातातली नोकरी गेली होती, व्हिसा संपत आला होता. पुण्याला कायमचं चाललोय, हे दहा वर्षांच्या महीला सांगायचं काम आम्ही एकमेकांवर ढकलत होतो. तिला वाटत होतं, सुट्टीला चाललोय.

अजमानहून अल क्वोजला टॅक्सीने ऐंशी दिरहॅम झाले, म्हणजे हजारावर रुपये! तुम्ही आपले बसने जा. गोदामांच्या रांगेतल्या कॅफेटेरियात पराठा-चहा घ्या आणि शेजारच्या गोदामात शिरा. प्रदर्शनाला तिकीट नाही.

भिंतींवर उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांच्या सीलशिकारीची, युरोपात छापलेली जुनी चित्रं होती. शिकारी बर्फातल्या भोकाशी तासन्‌तास वाकून, पाऊलही न हलवता, सील श्वास घ्यायला वर येण्याची वाट बघतो, असं खाली लिहिलेलं. चित्रात मात्र तो शिपायासारखा ताठ, सीलला कुत्र्याचं तोंड आणि मागे चक्क झाडं!

"साब, बनानेवाला उधर गया ही नहीं. सुनके बनाया," तिथला मल्याळी रखवालदार म्हणाला.

श्रीकांत कित्येक दिवसांनी हसला. बिल्डरांच्या जाहिरातींसाठी तो न बांधलेल्या इमारतींची चित्रं करायचा. "जागा रिकामी दिसली की आम्हीपण खजूर लावतो," म्हणाला.

परतताना महीने हट्ट धरला, "बाबा, लेट्स सी अवर बिल्डिंग!" सिलिकॉन ओएसिस नावाच्या नव्या वसाहतीतल्या एका टॉवरचं चित्र त्याने केलं होतं आणि त्यातच आम्ही घर बुक केलं होतं. चित्रातल्या बाल्कनीत त्याने आम्हा तिघांना उभं केलं होतं, महीला पिवळ्या फ्रॉकमध्ये.

पोहोचलो तर पत्र्याचं कुंपण आणि आत खड्डा. कुंपणावर उन्हाने विटलेलं तेच चित्र.

"बाजी, काम तो खलास. सब चले गए," टॅक्सीचा पठाण ड्रायव्हर मला म्हणाला.

मही पत्र्याच्या फटीतून खड्ड्यात डोकावली. मग म्हणाली, "बाबा, यू ऑल्सो नेव्हर सॉ इट?"

शेवटी मीच सांगून टाकलं, की आपण आता इथे परत येणार नाही. ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

प्रदर्शन बघाच. सिलिकॉन ओएसिसकडे वाट वाकडी करू नका.

पुण्यात श्रीकांतला पुन्हा तेच काम मिळालंय. "बाल्कनीत एखादी फॅमिली टाका ना साहेब," बिल्डर म्हणतात. तो हवी तितकी झाडं लावून देतो. माणसं टाकत नाही.