शेवाळातल्या अमिबाचं बारसं

निजामाच्या अमलात तुळजापुरात आमच्या शेजारी एक शाळामास्तर राहायचे. बारवेतलं शेवाळ पितळी खुर्दबिनीखाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, बघायची त्यांना लई हौस. इतकी, की रस्त्यानं चालतानाही त्यांचा एक डोळा मिटलेला असे.

एकदा त्यांना वाळूच्या कणांचं कवच घातलेला अमिबा दिसला. हैदराबादच्या जाणकारांनीही तो जगाला नवाच असल्याचं सांगितलं. मास्तरांनी लगेच बारसं मांडलं, गल्लीभर घुगऱ्या वाटल्या आणि नाव ठेवायला आत्या हवी म्हणून धाकट्या बहिणीला बोलावलं.

तिनं खुर्दबिनीला डोळा लावला. "दादा, कान कुठंय ह्याचा?"

"कुठंबी सांग," मास्तर म्हणाले, "पर हळू. घाबरून कवचात शिरंल त्ये."

मग आत्याच्या पाठीत धपाटे घालतानाही आम्ही बायका दबक्या आवाजात 'कुर्रर्र' म्हणालो.