पाठमोरी बाई

लग्न होऊन मी शहापुरात आले तेव्हा माझ्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर सवतीचा टाकही बांधला होता. टाक म्हणजे वारलेल्या पहिल्या बायकोची चांदीची लहानशी प्रतिमा. दुसरेपणावर आलेलीने ती घातली की ती त्रास देत नाही, असं सगळे मानत. तिची मुलगी चार वर्षांची होती. माझ्याशी बोलायची नाही. मी जेवायला बसले की समोर येऊन बसायची आणि बघत राहायची.

भातकापणी झाली आणि माझ्या घशाखाली घास उतरेना. तो तोंडातल्या तोंडात फिरे, आणि मागल्या दारात कुणी बाई पाठमोरी उभी आहे असं वाटे. नीट बघावं तर दार रिकामं. भगताने उतारा टाकला, कोंबडं दिलं. मी वाळतच गेले.

लढाईचे दिवस होते. मुंबईवर बॉम्ब पडतील या भीतीने पुष्कळ माणसं बाहेर पडली होती. त्यांतल्याच एक प्रौढ बाई आमच्या आळीत भावाकडे राहायला आल्या. मानसशास्त्र शिकलेल्या, मुंबईत मनाच्या दुखण्यांसाठी लोक त्यांच्या घरी येत. माझा नवरा शाळामास्तर, हे त्याच्या कानावर आलं. तोच मला घेऊन गेला.

"औषध काय देनार?" मी विचारलं.

"औषध नाही. मनात येईल ते बोलायचं. काही गाळायचं नाही."

दर गुरुवारी दुपारी मी त्यांच्या माजघरातल्या खाटेवर आडवी व्हायची. त्या उशाकडे, मला दिसणार नाहीत अशा बसत. कितीतरी आठवडे मी सवतीबद्दलच बोलले. एकदा त्यांनी विचारलं, "ती तोंड दाखवते कधी?"

"नाय. पाठच."

"लुगडं कसलं असतं?"

"हिरवं," मी म्हणाले आणि थांबले. सवतीला मी कधी पाहिलंच नव्हतं. हिरवं लुगडं माझ्या आईचं. बाळंतपणासाठी मुरबाडहून वैशाखऱ्याला, माहेरी जायला ती बैलगाडीत चढली, तेव्हा मी दारात उभी होते. ती परत आली नाही. येईल, येईल, असं सगळे सांगत राहिले, आणि एक दिवस घरात दुसरी आई आली. तिने भरवलं की मी दात आवळून घ्यायची. यातलं मी काहीच विसरले नव्हते, पण एकाला लागून एक असं कधी आठवलं नव्हतं.

घास थोडा उतरू लागला. मग बाई कामासाठी मुंबईला गेल्या. सांगून गेल्या, तरी माझा घसा पाण्यालाही मिटला. त्या परतल्यावर मी खाटेवर गप्प पडून राहिले.

"माझा राग आलाय?"

"नाय."

"मी येणारच नाही, असं वाटलं?"

तेव्हा मी हुंदके देऊन रडले. बाईंनी मला गप्प केलं नाही.

घरी आले तर मुलगी ओटीवर बसलेली. आई मामाकडे गेली, असं तिलाही सांगितलेलं होतं. मी शेजारी बसले. "तुजी आय मेली गो. ती आता येनार नाय."

ती अंगठ्याने जमीन उकरत राहिली. मग म्हणाली, "मंग तू कवा जाशील?"

"मी नाय जात."

तिचा विश्वास बसला नाही.

लढाई संपत आली तशा बाई मुंबईला परतल्या. त्याआधीचे कितीतरी गुरुवार आम्ही त्यांच्या जाण्याबद्दलच बोललो. मला जेवण जाऊ लागलं होतं, पण मागल्या दाराकडे तोंड करून मी अजूनही जेवायला बसत नाही. मुलगी मात्र मी विहिरीवर निघाले तरी मागून यायची, आणि मी तिला कधी परत धाडलं नाही.