ठोंबरेपुऱ्यातली मुनादी

नागपूरच्या कमेटीत साहेब पुष्कळ होते, कारकून त्याहून पुष्कळ होते. पण साऱ्या शहराने आवाजावरून ओळखावा असा माणूस एकच, डोमाजी मुनादीवाला, म्हणजे दवंडी पिटणारा. कमेटी म्हणजे आपली नगरपालिका. मध्यप्रांतावर गोऱ्या साहेबाचा अंमल होता तेव्हा गावात सगळे तिला कमेटीच म्हणत. हुकूम निघाला की कारकून तो डोमाजीला वाचून दाखवायचा, डोमाजी तोंडपाठ करायचा, आणि गळ्यात डफडं अडकवून गल्लोगल्ली ओरडत सुटायचा.

आणि हुकूम तरी कसले? घरपट्टी वाढली. जकात वाढली. पायखान्याची पट्टी मुदतीत भरा, नाहीतर भांडी जप्त होतील. उभ्या जन्मात त्या माणसाने लोकांना एक चांगली बातमी सांगितली नाही. बिचाऱ्याच्या वाट्याला आलीच नाही ती. त्यामुळे डफडं वाजलं की बायका कडाकडा बोटं मोडायच्या आणि पुरुष खिशावर हात ठेवायचे. डोमाजीला वाईट वाटायचं, पण पोटासाठी माणूस काय करत नाही!

इतवारीच्या पलीकडे ठोंबरेपुरा नावाची वस्ती होती. कोष्टी, रंगारी, दोन-चार दाणेवाले, असे कष्टाचे लोक. कर कोणालाच गोड लागत नाही, पण ठोंबरेपुऱ्याने त्याच्याशी वैरच मांडलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या रागात खोटं फारसं नव्हतं. साहेबांच्या बंगल्यांपुढच्या सडकेवर रोज मशकीने पाणी शिंपडलं जाई. ठोंबरेपुऱ्यात दिव्याचा एक खांब होता, त्यात तेल कधी कोणी पाहिलं नाही. पुऱ्याची एकुलती एक विहीर, आणि तिला खेटून वाहणारा कच्चा नाला. पावसाळ्यात नाला फुगला की विहिरीच्या पाण्याला वेगळाच वास यायचा. नाला बांधून द्या म्हणून लोकांनी कितीदा अर्ज केले. कमेटी म्हणायची, यंदाच्या बजेटात बसत नाही. तुमच्याकडची पट्टी थकली आहे, ती आधी भरा. पुरा म्हणायचा, आधी नाला बांधा, मग पट्टी मागा. दोघंही हट्टाला पेटलेले. नाल्याला कोणाचंच बोलणं कळत नव्हतं. तो आपला झिरपत राहिला.

अशात एकदा असं झालं की डोमाजी तापाने पडला आणि पुऱ्यात मुनादी फिरलीच नाही. पुऱ्यातले दाण्याचे व्यापारी भैयाजी दंडाच्या खटल्यात उभे राहिले आणि म्हणाले, सरकार, हुकूम आमच्या कानावरच आला नाही. साहेबाने दंड माफ केला. भैयाजी घरी आले ते लढाई जिंकल्यासारखे. त्या दिवसापासून पुऱ्यात कायदाच होऊन बसला: ऐकला नाही तो हुकूम लागू नाही. डफड्याचा पहिला ठोका पडला की धडाधड दारं लागत. आतून जाती घरघरू लागत, बायका थाळ्या बडवत, कोणी मोठ्याने आरती धरत. साहेबाने उद्या विचारलं तर छातीवर हात ठेवून सांगता यावं, की आम्ही काही ऐकलं नाही.

बाहेरच्याला हा तमाशा पाहून हसू येई. डोमाजीलाही पहिल्यांदा आलं. पुढे त्याच पुऱ्यात त्याची मुलगी लग्न होऊन गेली. पंचफुला त्याची एकुलती एक. आई लहानपणीच गेलेली, बापानेच तिची वेणीफणी केलेली. रुपराव रंगाऱ्याच्या घरी तिला दिली तेव्हा रुपरावांनी बैठकीतच व्याह्यांशी बोलून घेतलं होतं, "इवाईबुवा, पोरगी आमची झाली. आता तुमचं डफडं आमच्यावर नोका वाजवू."

डोमाजीने ते पाळलं. मुनादी घेऊन आला की तो पुऱ्याच्या तोंडाशी निंबाखाली उभा राही, दोन बोटांनी डफडं थोपटी, झाडालाच हुकूम सांगे आणि निघून जाई. पंचफुला दाराच्या फटीतून बघून हसायची. एकदा तिने विचारलंसुद्धा, "बाबा, इतकं काय सांगून राहिले गा त्या झाडाले?" डोमाजी म्हणाला, "पट्टी, दुसरं काय? मुनादीत पट्टीबिगर काही नसते, माय. ऐकलं काय अन् नाही ऐकलं काय."

त्या वर्षी श्रावणात पाऊस धरून बसला. नाला विहिरीच्या कठड्याला लागला. आणि नाल्यापलीकडच्या आळीत हैजा, म्हणजे पटकी, आला.

डोमाजीने तो डोळ्यांनी पाहिला. कमेटीच्या गाडीबरोबर त्याला त्या आळीत धाडलं होतं. सकाळी ज्या सुताराने त्याला तंबाखूची चिमूट दिली, तो उन्हं कलताना खाटेवर होता, गालफडं बसलेली, डोळे आत गेलेले, ओळखू येऊ नये असा. त्याची बायको तोंडाला पदर लावून उभी होती, रडतही नव्हती. त्या आळीची सारी घाण त्याच नाल्यात उतरत होती आणि नाला पुढे कुठे जातो हे डोमाजीला सांगायला कोणी कारकून नको होता.

दुसऱ्या दिवशी हुकूम मिळाला. ठोंबरेपुऱ्याच्या विहिरीचं पाणी कोणी पिऊ नये. चौकातल्या अंबाझरी तलावाच्या नळावरून पाणी न्यावं, तूर्तास पट्टी नाही. उद्या विहिरीवर पहारा बसेल. कारकून पुन्हा वाचू लागला तेव्हा डोमाजी दारापर्यंत पोचलाही होता.

त्या दिवशी तो निंबाखाली थांबला नाही. पुऱ्याच्या ऐन मधोमध जाऊन त्याने डफडं असं बडवलं की कावळे उडाले. आणि तितक्याच जोराने दारं लागली, जाती फिरू लागली, थाळ्या वाजू लागल्या. जन्मभर ज्या आवाजावर तो पोट भरत आला, तो आवाज आज बोळातल्या बोळात मेला. तो ओरडत होता, "पट्टी नाही हो, पट्टी नाही! हैजा हाय! विहिरीचं पानी नोका पिऊ!" आणि आत कोणी आरतीचा सूर आणखी चढवत होतं.

शेवटी त्याने डफडं काढून भुईवर ठेवलं आणि एकेक दार हाताने ठोकत सुटला. भैयाजींचं दार उघडलं. मग हळूहळू सगळेच विहिरीपाशी जमले, कारण डोमाजीला असं डफड्याविना, घामाने निथळत, कोणी कधी पाहिलं नव्हतं.

भैयाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग गंभीरपणे मान हलवली.

"नळाचं पानी फुकट?" ते म्हणाले. "कमेटी फुकट देऊन राहिली? काहून गा?"

"तूर्तास फुकट, भैयाजी."

"तूर्तास!" भैयाजी लोकांकडे वळले. "ऐकलं का जी? आज विहीर बंद, उद्या नळ, परवा नळपट्टी. नाला बांधाले यायच्यापाशी पैसा नव्हता, पहाऱ्याले कुठून आला? घरी बसल्या बसल्या आमाले गिऱ्हाइकं करून राहिले हे!"

लोक हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. आणि दोष तरी कोणाला द्यावा? इतकी वर्षं ज्या तोंडाने फक्त मागितलं, ते तोंड आज काही देतो म्हणालं तर कोण विश्वास ठेवील? डोमाजी हात जोडून सांगत होता, पलीकडच्या आळीतली मढी सांगत होता. कोणी म्हणालं, तिथं दरसाल मरतात. कोणी म्हणालं, याले कमेटीनं बक्षीस कबूल केलं असन.

एवढ्यात पंचफुला पाणी भरायला आली. घागर तिने बुडवून काढली होती, वर तांब्या उपडा होता. बाप गर्दीत हात जोडून उभा पाहून ती जागच्या जागी थबकली.

"सांड ते, माय," डोमाजी ओरडला. "घागर सांडून दे!"

पंचफुलाने घागर कलती केलीही. पण रुपराव पुढे आले. चारचौघांत सुनेने पाणी सांडलं म्हणजे रुपरावाच्या घराने हुकूम मानला, म्हणजे पुऱ्यातली पहिली नळपट्टी रुपरावाच्या नावावर. ते आवाज न चढवता म्हणाले, आणि तेच जास्त भय वाटण्याजोगं होतं, "सूनबाई, पानी सांडलं तर बापासंगंच जाय. मग या घरात पाय नोको ठेवू. आमच्या विहिरीचं पानी चांगलं हाय. पिऊन दाखव."

पंचफुलाने तांब्या भरला. ती बापाकडे बघत होती. तिचा त्याच्या शब्दावर विश्वास होता, हे त्याला तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. आणि सासरा समोर उभा होता, हेही तितकंच खरं. तिने तांब्या ओठांपाशी नेला.

डोमाजीने झडप घातली. सांडावा, तर पोरीचं घर जातं. तिच्या पोटात जाऊ द्यावा, तर पोरगी जाते. त्या क्षणी त्याला तिसरं एकच सुचलं. त्याने तिच्या हातातला तांब्या घेतला आणि घटाघटा पिऊन रिकामा केला.

पुऱ्यात एकच आरोळी उठली. ज्या बापाने रीत म्हणून लेकीच्या सासरी आजवर पाण्याचा घोट घेतला नव्हता, तोच सर्वांसमोर विहिरीचं पाणी प्याला! भैयाजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "मुनादीवालाच प्याला गा! आता काय राह्यलं?" डोमाजी सांगायला गेला, की मी पाण्यासाठी नाही, पोरीसाठी प्यालो. कोण ऐकतो? बायका घागरी घेऊन पुढे सरसावल्या होत्या, राहाट कुरकुरू लागला होता. रुपराव खुशीत येऊन म्हणाले, "चला इवाईबुवा, तुमची नोकरी झाली, आमचीही इज्जत राह्यली."

डोमाजी तिथून निघाला तो पळतच. निंबामागे भिंतीआड जाऊन त्याने घशात बोटं घातली आणि पोटातलं पाणी ओकून काढलं, पुन्हा घातली, पुन्हा काढलं, रक्त येईतो. ते कोणी पाहिलं नाही. आणि लाजेची गोष्ट अशी, की तेवढी घटका त्याला पंचफुलाही आठवली नाही, स्वतःचा जीवच आठवला. भानावर आल्यावर तो तिच्या दाराशी गेला. दार बंद होतं. त्याने हाक मारली तर आतून कोणी थाळी वाजवली. त्याने मनाची समजूत घातली, पोरगी शहाणी आहे, तिने माझ्याकडे पाहिलं होतं, ती काही ते पाणी पिणार नाही. आणि तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर पहारा बसला. तोवर पुऱ्यातली सगळी रांजणं भरलेली होती.

पहिला भैयाजींचा भाऊ गेला. मग कोष्ट्यांच्या घरातून एकाच वेळी दोघं. डोमाजीला काही झालं नाही. रोज सकाळी उठून तो आपलं पोट चाचपून बघे आणि त्याला जिवंत असल्याची शरम वाटे. आता पुऱ्याच्या तोंडाशीही पहारा होता, पहारेकरी आत सोडत नव्हता. शेवटी त्याने कमेटीचा बिल्ला दाखवला, म्हणाला मुनादी आहे, आणि आत शिरला. बोळात माणूस नव्हतं. जाती बंद होती, आरत्या बंद होत्या.

रुपराव ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी डोमाजीकडे पाहिलं आणि आत हात दाखवला.

पंचफुला खाटेवर होती. गालफडं बसलेली, डोळे आत गेलेले. डोमाजीने तिचा हात धरला. तो विहिरीतल्या दगडासारखा गार होता.

"काहून प्याली वं माय?" तो म्हणाला. "मी इतका बोंबलून राह्यलो होतो, तू ऐकलं होतं ना? तुले तर खरं वाटलं होतं."

पंचफुलाचा आवाज पार खोल गेला होता. तरी ती बापाला धीर द्यावा तशी हसली.

"वाटलं होतं, बाबा," ती म्हणाली. "मंग तुमीच प्याले. म्हून मीबी प्याली."