राखणदारासमोरच्या चपला

आधी काकूंचं सांगतो. त्या दिवशी त्या वालाच्या शेतातून उठून माझ्याजवळ आल्या नसत्या, तर मी आज खोपोलीत नसतो. काकू मीच म्हणतो. नात्याच्या नाहीत, इथं माझ्या नात्याचं कुणीच नाही.

मी हिंगोलीकडचा. आठवीनंतर शाळा सुटली. मागच्या हिवाळ्यात खोपोलीत आलो, आणि खोलीत सोबत राहणाऱ्या एका पोरानं हे काम मिळवून दिलं. मोबाइलवरचं एक ॲप. मुंबईकडून फिरायला आलेली माणसं एखाद्या जुन्या जागेपाशी पोचली की ते आपणहून बोलायला लागतं: हे देऊळ कसलं, ही विहीर कुणाची. बोलणं मात्र गावातल्याच माणसाचं लागायचं, आणि ते गोळा करणं माझं काम. लिहायचं काही नव्हतं, म्हणून मी हो म्हणालो. पण परक्या पोराच्या मोबाइलमध्ये बोलतंय कोण? मी नुसते फोटो पाठवत राहिलो. शेवटी ऑफिसातून फोन आला, "शनिवारपर्यंत एक तरी आवाज पाठव, नाहीतर राहू दे." राहू दे म्हणजे परत गाव. आईला तर मी, कंपनीत लागलोय, असं सांगून बसलो होतो.

शनिवारी खोपोलीजवळच्या चौक गावाहून आत एका खेड्याच्या वेशीवर गेलो. तिथं शेताच्या कडेला शेंदूर लावलेला दगड आहे. गाव त्याला राखणदार म्हणतं. मी जिथं असेन तिथं मोबाइलवर निळा ठिपका दिसायचा. तो दगडाभोवतीच्या गोलात आला तरच रेकॉर्डिंग सुरू व्हायचं, आणि डोंगराच्या कुशीत ठिपका काही जागेवर थांबेना. आधी ठिपका बसवू, मग शेतातल्या कुणाला तरी विचारू, म्हणून मी मोबाइल समोर धरून चार पावलं पुढं, चार मागं, मग आडवा, असा चालत राहिलो. या भागात असं चालणारा परका माणूस कोण असतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आजूबाजूला एवढी फार्महाऊसं उठलीत, तरी.

मोटरसायकलवरून दोघं आले.

"काय रं, कुणाची जागा मोजतोस?"

"मोजत नाही दादा, देवाचा फोटो..."

"देव पन इकाय काढला काय तुमी?"

मागचा हसला. "सात-बारा त्याच्याच नावावर हाय. घे सही!"

पुढच्यानं मोबाइल काढून घेतला. त्यावर नकाशा, नकाशात राखणदार, राखणदाराभोवती गोल. जागा मोजल्यासारखंच दिसत होतं.

तेवढ्यात शेतात शेंगा तोडणाऱ्या काकू पदर खोचून आल्या.

"मोबाईल दे रं त्याचा."

"काकी, दलाल हाय तो."

"दलाल काय चपला काढून मोजतो? त्याचे पाय बघ."

सगळ्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. मीपण बघितलं. चपला पार रस्त्याच्या कडेला होत्या. कधी काढल्या, आठवेना. आमच्याकडं वेशीतल्या मारुतीसमोरून कुणी चपला घालून जात नाही; पायांनी आपलं आपण केलं होतं. ढेकळं टोचतायत, हे तेव्हा कळलं.

"मग आधी सांगायचं ना, लेका," म्हणत त्यानं मोबाइल परत दिला.

"तू इचारलंस काय?" काकू म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "कुठला रं तू?"

मी सांगितलं.

"लांब हाय?"

"लांब आहे," मी म्हणालो. इथं आल्यापासून हे कुणी विचारलंच नव्हतं.

माझं काम ऐकून काकू दगडाशेजारी बसल्या आणि मोबाइलमध्ये बोलल्या: वालाच्या पहिल्या शेंगा याला, मग घराला, मग बाजाराला. "आनि येनाऱ्यानं चपला काढायच्या. बास." तो आवाज ऑफिसात पास झाला. काम राहिलं.

तो आवाज त्या जागी उभं राहिल्याशिवाय वाजत नाही. रविवारी खोलीतली पोरं आपापल्या घरी जातात, तेव्हा मी रिक्षानं तिकडं जातो. काकू दर वेळी शेतात असतातच असं नाही. मोबाइल म्हणतो, "चपला काढायच्या. बास." मी काढतो. आठवडाभरात कामाशिवाय माझ्याशी बोललेलं बहुतेक तेवढंच असतं.

त्या ॲपमध्ये आमचं गाव अजून कोरं आहे. एक दिवस मारुतीची गोष्ट आईच्या आवाजात भरीन आणि काकूंना गाडीत बसवून तिकडं नेईन. वेशीत त्या चपला काढतील, मोबाइल आईच्या आवाजात बोलेल, आणि मग खरी आईच समोरून येऊन त्यांना घरी घेऊन जाईल. लांब आहे, पण नेईन.