डावा रेणू आणि उजवा हात

मंडळी, आज सकाळी पंचवटीत तीर्थासाठी हात पुढे केला, तर गुरुजी म्हणाले, "ताई, उजवा!" मी डावखुरी, सवयीनं चुकतंच.

तिथून कंपनीच्या लॅबमध्ये. आमच्या औषधात दोन रेणू आहेत, डाव्या-उजव्या हातासारखे, एकमेकांची आरशातली प्रतिमा. कित्येक दिवस ते वेगळेच होत नव्हते. आज त्यांचं द्रावण त्यांना वेगळं करणाऱ्या नव्या नळीतून सोडलं. नळीतून काय बाहेर पडतंय ते दाखवणारी स्क्रीनवरची रेघ सकाळच्या गोदेसारखी संथ सरकत होती आणि माझी तंद्री लागली. रेघेतून एक डोंगर उगवला, मावळला. मग, अगदी सावकाश, दुसरा! दोघे वेगळे झाले!

आमच्या लॅबचे सर हळूच म्हणाले, "डावा ठेवायचा. औषध तोच. उजव्यानं नुसती गुंगी येते."

या यशाचा पेढा मी डाव्याच हातानं खाल्ला. आता सांगा, गुरुजींना हे कसं समजावू?