पुठ्ठ्याचा कीबोर्ड

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबबाहेर स्टुलावर बसून माणसाकडं काय साठतं? चपला आणि किस्से! चपला पोरं घेऊन जातात, किस्से माझ्यापाशी ऱ्हातात. मी सहावी नापास शिपाई, पण प्राचार्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांचा मामा!

*

बारावीची प्रॅक्टिकल जवळ आली की पोरं प्रोग्राम तोंडपाठ करतात. चिकलठाण्याचा गणेश तर एका दमात म्हणायचा, कंसासकट!

मी म्हटलं, "गणोबा, एवढं म्हणून हुतं काय?"

"आउटपुट सरांकडं असतंय, मामा!"

*

एकदा सकाळी, सर आल्या आल्या लॉगिन करायचे त्या सात नंबरच्या मशीनवर मी एम आणि एनची बटणं काढून अदलाबदल केली. पासवर्ड तीनदा फेल!

"मामा, माझा पासवर्ड कुणी बदलला?"

"सर, वय झालं. विसरले असाल!"

लई हसलो.

*

त्याच दिवशी लाईट गेली. सर म्हणाले, "बंद मशीनवरच टाईप करा, बोटांना वळण लागतं." पोरं लागली बडवायला. जरा वेळानं सर ओरडले, "सेव्ह करा रे!"

मागून आवाज, "झालं सर!"

*

तेव्हा सात नंबरवर बसली होती बिडकीनची नसरीन. घरी कॉम्प्युटर नाय. तिनं बुटाच्या खोक्याचं झाकण काढलं आणि समोरचा कीबोर्ड बघून बघून त्यावर पेनानं उतरवून घेतला. बाप टेलर. त्याचं सांगणं साफ होतं: पास झाली तर कॉलेज, नाय तर शिलाई मशीन.

मी चिडवायचो, "नसरीनबी, तुझ्या कॉम्प्युटरला लाईटबिल नाय!"

लॅब परीक्षेपर्यंत बंद झाली, तशी ती महिनाभर त्या पुठ्ठ्यावर डोळे मिटून बोटं चालवायची. मी बटणं त्याच संध्याकाळी जागेवर लावली होती. पुठ्ठ्याचं मला काय सुचलं नाय.

*

परीक्षेत पाणी द्यायला आत गेलो. नसरीनची बोटं भराभर चालत होती. मग पडद्याकडं बघून थांबायची, खोडायची, परत तेच. शेवटी ती नुसती स्वतःच्या बोटांकडं बघत बसली. वेळ संपली. प्रोग्राम चाललाच नाय.

बाहेर ती चपला घालत होती. त्या दिवशी दोन बटणं बदलल्याचं मी सांगून टाकलं.

"कौनसे दो, मामा?"

"एम... आणि एन."

तिनं मान हलवली आणि बसस्टॉपकडं चालू लागली.

*

निकाल लागला, नसरीन नापास. मार्कशीट न्यायला तिचा बाप एकटाच आला. गळ्यात टेप. दुकानात गिऱ्हाईक बसवून आल्यासारखा घाईत होता. स्टुलावर झाकण ठेवलं आणि गेला.

तोच पुठ्ठा. दोन चौकोन ब्लेडनं कापून, जागा बदलून, मागनं बारीक टाक्यांनी शिवलेले. कोपऱ्यात पेनानं लिहिलेलं:

"मामा, पुढच्या पोरीला द्या."