राखेखालचं माहेर

आईला तीन महिन्यांसाठी आयर्लंडमध्ये माझ्याकडे, समुद्रकाठच्या डून लेरीला आणलं तेव्हा मला वाटलं होतं, ती खिडकीतून समुद्र बघत बसेल आणि मी निवांत कामावर जाईन. आठवड्याभरात तिनं समुद्राला नापास केलं. "नुसतं गार वारं. बोलायला माणूस न्हाई." मग माणूस तिनंच शोधून काढला. आमच्या खालच्या मजल्यावर सत्तरी ओलांडलेल्या एक निवृत्त नर्सबाई एकट्या राहतात. त्या मूळच्या मॉन्टसेराटच्या. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट मी नकाशावर शोधलं, तर ते माझ्या बोटाखालीच झाकलं गेलं.

आईला इंग्रजी येत नाही, बाईंना मराठी. तरी मी संध्याकाळी बॉल्सब्रिजच्या ऑफिसातून डार्टनं, म्हणजे इथल्या लोकलनं, परत येईपर्यंत दोघींचं भरपूर बोलून झालेलं असायचं. उरलंसुरलं भाषांतर माझ्या वाट्याला. सगळ्या गप्पा चालायच्या बाईंच्या भांडी पुसायच्या एका टी-टॉवेलवर. त्यावर बेटाचा नकाशा छापला होता. हिरवे डोंगर, काळ्या वाळूचे किनारे, पिवळ्या पोटाचा एक काळा पक्षी, जो जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाही. दक्षिणेला ज्वालामुखी. कोपऱ्यात आयर्लंडचं तीन पानांचं शॅमरॉक, कारण शेकडो वर्षांपूर्वी घरदार सुटलेले कितीतरी आयरिश लोक तिथे जाऊन राहिले. आजही बेटावर उतरलं की पासपोर्टवर शॅमरॉकचाच शिक्का बसतो.

सेंट पॅट्रिक डेची सुट्टी तिथेही असते. पण बाईंनी सांगितलं, त्याच दिवशी गुलामांनी उठाव करायचं ठरवलं होतं. बेत फुटला, माणसं फासावर गेली. मालकांमध्ये आयरिशही होते.

"सासुरवास सोसलेलीच पुढं खाष्ट सासू हुतीया," आई म्हणाली. मी भाषांतर केलं तेव्हा बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

मग त्यांनी नकाशावरच्या राजधानीवर तळहात ठेवला. ज्वालामुखी फुटला आणि ते शहर राखेत गाडलं गेलं. त्यांचं आईवडलांचं घर, शाळा, चर्च, सगळं. आईचं माहेर उजनी धरणात गेलं. "माझं पाण्यात, हिचं राखंत," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

मार्चमध्ये बाई बेटावर जायला निघाल्या. गाडल्या गेलेल्या शहरात शिरायला बंदी आहे, पण एका टेकडीवरून ते दिसतं. गुडघे पुढची खेप करू देणार नाहीत, म्हणून एकदा शेवटचं डोळे भरून बघून यायचं होतं. हे ऐकल्यापासून आईची धावपळ सुरू झाली. माझ्याकडून नारळ आणवला, बॅगेच्या तळातून नवा खण काढला. आणि जायच्या दिवशी सगळं माझ्यापुढे ठेवलं. "तू भर वटी. माझा हात चालत न्हाई."

बाबांना जाऊन आठ वर्षं झाली होती. मला संतापच आला. "त्यांचाही नवरा नाही. मग त्यांची कशी चालते?"

"तिचं निराळं. ती म्हायेराला निघालीया. तिकडनं येताना वटी भराया कोण उरलंय? म्हणून हितनंच भरायची."

"मग तूच भर. आपण असलं काही मानत नाही."

"आपण म्हंजी कोण?" आई पुटपुटली. पण उठली. बाईंनी कार्डिगनचा घेर समोर धरला. आईनं तीन वेळा ओंजळभर तांदूळ घातले, त्यातले निम्मे जमिनीवर सांडले.

पंधरा दिवसांनी बाई परतल्या. घराचं छप्पर दिसलं नाही म्हणाल्या, पण दारचा आंबा कुठे असायचा ते टेकडीवरून कळलं. नारळ त्यांनी काळ्या वाळूवर उभं राहून समुद्रात सोडला. "ग्रँड झालं गं सगळं," असं इथल्या लोकांच्या धाटणीत म्हणाल्या, म्हणजे छान झालं, आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या.

आई निघाली त्या सकाळी बॅगा दाराशी होत्या. बाई जिना चढून आल्या, धापा टाकत. हातात सुपरमार्केटची पिशवी. तिच्यातून त्यांनी नारळ काढला, तांदूळ काढले, आणि खणासारखी घडी घातलेला तो नकाशाचा टी-टॉवेल. आईला पदर पुढे करायची खूण केली.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग हळूच पदर पसरला. बाईंनी अगदी आईसारखेच तीन वेळा ओंजळभर तांदूळ घातले, एक दाणा सांडला नाही.

"ह्यात झंपर व्हायचा न्हाई," आई म्हणाली. ती हसत होती आणि रडतही होती.

बाईंना आमचे नियम माहीत नव्हते. मला माहीत होते, आणि मी ते मानत नाही असं दहा जणांत सांगत होते. या आठ वर्षांत दर खेपेला मी परत निघाले की आई शेजारणीला बोलावून माझी ओटी भरून घ्यायची, स्वतः दाराआड उभी राहून. तिच्या पदरात मी मात्र एकदाही काही घातलं नव्हतं. सुचलंसुद्धा नव्हतं.

टॅक्सी खाली येऊन थांबली होती. आईनं पदर अजून आवरला नव्हता. मी कपाटातून तांदळाचा डबा काढला.